यंत्रविचारणा : न आढळणारी साउंड चिप

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी इंदूरच्या रामबागेत राहतो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर जुन्या पद्धतीचा आठ बिटांचा संगणक स्वतः जोडण्याचा छंद लागला. झेड-८० प्रोसेसर (७.३७२८ मेगाहर्ट्झ), रॉम, रॅम आणि सिरियल पोर्ट भोकांच्या बोर्डावर तारांनी जोडले असून गेले सहा महिने ते बिनतक्रार चालते, त्यावर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषाही चालते. त्यात आता एवाय-३-८९१० ही चाळीस पिनांची साउंड चिप जोडली आहे. तिचे रजिस्टर (आकडा साठवण्याचा आतला कप्पा) निवडण्याचा पोर्ट, म्हणजे प्रोसेसरने तिला हाक मारण्याचा क्रमांक, २१६, आकडा लिहिण्याचा २०८ आणि वाचण्याचा पुन्हा २१६ असा ठेवला आहे. यंत्र सुरू होताना रॉममधला प्रोग्रॅम बाकी सर्व भागांची यादी नीट दाखवतो, साउंड चिपपुढे मात्र ‘नॉट प्रेझेंट’ असे उमटते. चिप परदेशातून मागवलेली, जुन्या यंत्रातून काढलेली होती. दुसरी आणून लावली, तरी तेच. चिपच आढळत नसल्यामुळे आवाजाची चाचणी घेतलेली नाही. जानेवारीत एका सकाळी, खोली चांगलीच गार असताना, ती दोनदा आढळली होती. दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हा नाहीशी झाली. दोन्ही चिपा नकली समजून तिसरी मागवावी का? हाताने काढलेला आराखडा सोबत जोडला आहे.

उत्तर : तिसरी चिप एवढ्यात मागवू नका. आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य आपण शेवटी, जाता जाता लिहिले आहे, ते म्हणजे गार सकाळी चिप दोनदा आढळली हे. नकली किंवा मेलेली चिप हवामान पाहून जिवंत होत नाही. जे थंडीत चालते आणि तापल्यावर अडते, तिथे एक तर एखादा जोड सैल असतो, नाही तर वेळेचे गणित अगदी काठावर आलेले असते. आणि आपला आराखडा पाहिल्यावर माझा कल दुसऱ्या कारणाकडे आहे. तरीही तिथवर उडी न मारता आधी दोन साध्या चाचण्या कराव्यात, म्हणजे माझा कल चुकीचा असेल तर तोही उघडा पडेल.

पहिल्यांदा ‘नॉट प्रेझेंट’ या शब्दांचा अर्थ नीट लावला पाहिजे. सॉकेटमध्ये चिप बसली आहे की नाही, हे पाहण्याचे कोणतेही साधन प्रोसेसरजवळ नसते. रॉममधला प्रोग्रॅम चिपच्या एखाद्या रजिस्टरमध्ये ठरलेला आकडा लिहितो, तोच परत वाचतो, आणि दोन्ही जुळले नाहीत तर चिप नाही असे जाहीर करून पुढे जातो. म्हणजे लिहिणे सुरळीत होऊन केवळ वाचणे फसले, तरी पडद्यावर हेच शब्द येणार. उलट, आवाज काढण्यासाठी या चिपमधून काहीही वाचावे लागत नाही. म्हणून आढळत नाही तर आवाज तरी कसा येणार, हा आपला तर्क वरवर पटण्यासारखा असला तरी त्यामुळेच सर्वांत उपयोगी चाचणी राहून गेली आहे.

बेसिकमध्ये एवढेच करावे. ‘आउट २१६, ७’ आणि लगेच ‘आउट २०८, ६२’ द्यावे. याच जोडीने रजिस्टर ८ मध्ये १५, रजिस्टर ० मध्ये ६ आणि रजिस्टर १ मध्ये १ लिहावे. रजिस्टर ७ मधल्या ६२ मुळे तीन वाहिन्यांपैकी फक्त पहिलीचा स्वर उघडतो, १५ म्हणजे तिचा आवाज पूर्ण, आणि शेवटचे दोन आकडे मिळून २६२ ही संख्या होते. चिप स्वतःच्या क्लॉकला (तिला दर सेकंदाला मिळणाऱ्या ठोक्यांना) आधी १६ ने आणि मग या संख्येने भागते. आपण चिपला ७.३७२८ चे दोनदा निम्मे करून १.८४३२ मेगाहर्ट्झ क्लॉक दिले आहे. १८,४३,२०० भागिले १६ भागिले २६२ म्हणजे जवळजवळ ४४०, अर्थात पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी सहा. रामबागेत शेजारीपाजारी एखादी पेटी मिळायला अडचण पडू नये. ऐकू आलेला स्वर पेटीशी जुळला तर चिप जिवंत आहे, आपले लिहिणे तिला पोचते आहे आणि क्लॉकही बरोबर आहे, एवढ्या तीन गोष्टी फ्रीक्वेन्सी मीटरवाचून सिद्ध होतात. स्वर नेमका एक सप्तक वर निघाला, तर निम्मे करणाऱ्या ७४७४ या चिपचा एक अर्धा भाग काम करीत नाही आणि चिपला ३.६८६४ मेगाहर्ट्झ मिळते आहे असे समजावे. या चिपची मर्यादा २ मेगाहर्ट्झ आहे.

इथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे, कारण आपल्या आराखड्यात चिपचे आवाजाचे पिन (४, ३ आणि ३८) सरळ कपॅसिटरमधून स्पीकरकडे नेलेले दिसतात. या चिपचे आवाजाचे पिन विद्युतप्रवाह बाहेर सोडतात, खाली ओढत नाहीत. त्यामुळे त्यांच्यापासून जमिनीकडे साधारण एक किलोओहमचा रेझिस्टर नसेल तर धडधाकट चिपही मुकी राहते. तो रेझिस्टर आधी घाला, नाही तर चाचणीच खोटी साक्ष देईल.

स्वर आला असे धरून चालू या. मग दोष वाचण्याच्या वाटेवर उरतो आणि थंडीची हकीगत अर्थपूर्ण ठरते. झेड-८० पोर्ट वाचतो तेव्हा पोर्टशी बोलणे सुरू झाल्याची खूण असलेली आयओआरक्यू ही रेघ खाली गेल्यापासून आकडा प्रत्यक्ष उचलण्यापर्यंत क्लॉकचे अडीच ठोके जातात, आणि त्यात पोर्टसाठी तो स्वतःहून घालतो तो एक थांबाही आला. ७.३७२८ मेगाहर्ट्झला एक ठोका सुमारे १३६ नॅनोसेकंदांचा, म्हणून अडीच ठोके म्हणजे ३३९ नॅनोसेकंद झाले. त्यातून प्रोसेसरची स्वतःची दिरंगाई, आपल्या आराखड्यातील पत्ता ओळखणारी ७४एलएस१३८ आणि त्यापुढचे दोन गेट, आणि आकडा उचलण्यापूर्वी तो बसवर (आकडे वाहणाऱ्या सामाईक तारांवर) स्थिर असण्याचा अवधी वजा केला, तर चिपच्या वाट्याला अडीचशेच्या आसपास नॅनोसेकंद उरतात. एवाय-३-८९१० ही जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीची १९७०च्या दशकाच्या अखेरची चिप. वाचण्याचा हुकूम मिळाल्यापासून आकडा बाहेर ठेवायला ती अर्ध्या मायक्रोसेकंदापर्यंतचा अवधी घेऊ शकते. बहुतेक चिपा एवढ्या आळशी नसतात, म्हणून पुष्कळांची यंत्रे याच वेगावर चालतात आणि मग इतरांना वाटते की आपलेच नशीब फुटके. आपल्या दोन्ही चिपा त्या काठावरच्या असाव्यात. या जातीच्या जुन्या चिपांमधले ट्रान्झिस्टर तापले की मंदावतात, त्यामुळे गार सकाळी ज्या थोड्याशा फरकाने वेळ साधली, ती दहा मिनिटांनी चुकली.

(लिहिण्यालाही माहितीपत्रकात जवळपास एवढाच अवधी मागितला आहे. तरीही माझ्या अनुभवात ही चिप लिहिण्याच्या बाबतीत बरीच सोशीक असते, वाचण्याच्या बाबतीत नाही.)

हे पडताळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे प्रोसेसरचा वेग निम्मा करणे. महाराणी रोडवर ३.६८६४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर शोधत फिरण्याची गरज नाही. आपल्याच बोर्डावरच्या ७४७४ च्या पहिल्या अर्ध्या भागातून तो वेग आयता निघतो आहे, तिथून प्रोसेसरच्या सहाव्या पिनला तार द्यावी. ऑसिलेटरकडून येणारी जुनी तार त्याआधी काढायची आहे, हे वेगळे सांगायला नको. मात्र झेड-८० च्या क्लॉक पिनला जवळजवळ पूर्ण पाच व्होल्ट लागतात, आणि ७४एलएस७४ चे टोक तेवढे वर जात नाही. म्हणून ७४एचसी७४ वापरा किंवा त्या तारेपासून पाच व्होल्टकडे ३३० ओहमचा रेझिस्टर जोडा. दुसरे असे की सिरियल पोर्टही त्याच क्लॉकवर चालत असल्यास त्याचा वेग ११५२०० वरून ५७६०० वर येईल. टर्मिनलचा वेग बदलायला विसरलात तर पडद्यावर कचरा दिसेल आणि आपण चालते यंत्र बिघडवले असे वाटून रात्रभर झोप लागणार नाही. हे मी स्वतः भोगले आहे.

निम्म्या वेगावर चिप दर वेळी आढळू लागली तर निदान झाले. कायमचा उपाय म्हणून अख्खे यंत्र मंद चालवणे मला पसंत नाही. साउंड चिपची निवड होताच प्रोसेसरला थांबवून ठेवणाऱ्या वेट पिनला (क्रमांक २४) दोन ठोके खाली धरणारे लहानसे सर्किट करावे. त्यासाठी दोन फ्लिप-फ्लॉप पुरतात, आणि चिपला आणखी सुमारे २७० नॅनोसेकंद मिळतात. तेवढाही खटाटोप नको असेल आणि आपल्याला फक्त संगीत वाजवायचे असेल, तर न वाचणारे वादक प्रोग्रॅम आजही आपल्या यंत्रावर चालतील; सुरुवातीच्या यादीतले दोन शब्द तेवढे नजरेआड करावे लागतील.

आता निम्म्या वेगावरही चिप आढळली नाही तर काय, हे पाहू. अशा वेळी वाचून काय येते, ते आकडेच बोलतात. रजिस्टर ० मध्ये ८५ लिहा, रजिस्टर २ मध्ये १७० लिहा, आणि मग क्रमाने दोन्ही निवडून ‘इन्प’ने वाचा. दोन निरनिराळी रजिस्टरे आणि दोन निरनिराळे आकडे मुद्दाम घेतले आहेत, कारण एकच आकडा लिहून लगेच वाचला तर कधी कधी तो बसच्या तारांवर उरलेला असतो आणि चिप नसतानाही बरोबर उत्तर आल्याचा भास होतो. दोन्ही वेळा २५५ आले तर बसवर कोणीच बोलत नाही. तेव्हा चिपला वाचण्याचा हुकूम पोचवणाऱ्या बीसी-१ या पिनवर (२९) वाचताना हालचाल होते का, हे लॉजिक प्रोबने (रेघ वर, खाली की हलती हे दाखवणाऱ्या साधनाने) पाहावे. बीसी-२ (२८) पाच व्होल्टला, ए-८ (२५) पाच व्होल्टला, ए-९ (२४) जमिनीला आणि रीसेट (२३) यंत्र सुरू झाल्यावर वर आहे, याचीही खात्री सॉकेटच्या वरच्या बाजूने, चिपच्या पायावरच टोक टेकवून करावी. सॉकेटच्या खालून मोजले की आत दुमडलेला पाय लपून राहतो. दोन्ही वेळा शून्यच आले तर पहिला संशय रीसेटवर घ्यावा, कारण ती रेघ खाली अडकली असेल तर चिप प्रत्येक रजिस्टर पुसूनच ठेवते.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे रजिस्टर ० अगदी बरोबर उत्तर देते आणि रजिस्टर २ देत नाही. हे दिसले तर डेटाच्या आठ तारा उलट्या क्रमाने जोडल्या गेल्या आहेत असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. या चिपमध्ये पिन ३० वर सातवा बिट आणि ३७ वर शून्यावा बिट येतो, म्हणजे पिनांचे क्रमांक वाढतात तसे बिटांचे क्रमांक उतरतात. घाईत माणूस नेमका याच्या उलट समजतो. त्यातून झेड-८० च्या डेटा पिनांचा क्रमच इतका विस्कळीत आहे (१४, १५, १२, ८, ७, ९, १०, १३ हे अनुक्रमे शून्य ते सात बिटांचे पिन) की चूक झाली तरी डोळ्यांना खटकत नाही. तारा उलट्या असल्या तरी लिहिलेला आकडा उलटा जातो आणि वाचताना पुन्हा उलटून सरळ होतो, त्यामुळे आकड्याच्या बाबतीत काहीच कळत नाही. फरक पडतो तो रजिस्टर निवडताना. शून्य उलटले तरी शून्यच राहते; दोन मात्र उलटून ६४ होते, आणि निवडीच्या आकड्याचे वरचे चार बिट शून्य नसले की ही चिप ते आपल्यासाठी नाही असे समजून गप्प बसते. आपल्या आराखड्यात तारा बरोबर दाखवल्या आहेत, परंतु आराखडा आणि बोर्ड यांच्यात हाताची वाट आहे. मल्टिमीटर बीपवर ठेवून आठही तारा एकदा मोजाव्यात.

चिप नकली आहे का, हा आपला मूळ प्रश्न. वरची सर्व परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर रजिस्टर १ मध्ये २५५ लिहून वाचा. या रजिस्टरचे चारच बिट कामाचे असतात. जनरल इन्स्ट्रुमेंटच्या चिपेत बाकीचे चार शून्य म्हणून परत येतात, त्यामुळे उत्तर १५ येते. यामाहाच्या वायएम-२१४९ या भावंडात आठही बिट जसेच्या तसे परत येतात आणि उत्तर २५५ येते. म्हणजे पाठीवर एवाय छापलेले असून २५५ आले, तर नाव बदलून विकलेली यामाहा हाती आली असे समजावे, आणि त्यात दुःख मानण्यासारखे फारसे नाही. ही परीक्षा शेवटी ठेवण्याचे कारण उघड आहे : रिकाम्या सॉकेटमधूनही २५५ येऊ शकते.

आपण न विचारलेली एक गोष्ट. आराखड्यात पत्ता ओळखणाऱ्या ७४एलएस१३८ ला एम-१ ही रेघ दिलेली नाही. इंटरप्ट (एखाद्या भागाने मधेच मारलेली हाक) स्वीकारताना झेड-८० आयओआरक्यू आणि एम-१ दोन्ही एकदम खाली आणतो, आणि त्या क्षणी पत्त्याच्या तारांवर जो काही आकडा असेल तो योगायोगाने २१६ असला, तर आपली साउंड चिप कोणी विचारलेले नसताना बसवर उत्तर देईल. आजच्या दोषाशी याचा संबंध नाही. पुढे महिन्यातून एकदा यंत्र विनाकारण गोठू लागले तर कारण सापडणार नाही, म्हणून ती तार आताच घालून घ्यावी.

प्रश्न : ८९१० मिळत नाही, तिच्या जागी ८९१२ चालेल का? (देवासहून एक वाचक)

उत्तर : आवाजाचा भाग तोच आहे, म्हणून प्रोग्रॅमला फरक कळणार नाही. ८९१२ ला २८ पिन असतात, दोन इनपुट-आउटपुट पोर्टांपैकी एकच बाहेर काढलेला असतो, आणि पिनांची मांडणी सर्वस्वी वेगळी असल्यामुळे मधे जोडपट्टी करावी लागते.

प्रश्न : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून लिहीत आहे. मी ८०८८ प्रोसेसरचा पीसी-एक्सटी पद्धतीचा बोर्ड जोडला आहे. त्यात यामाहाची वायएम-३८१२ असलेले जुने साउंड कार्ड लावले, तर प्रत्येक खेळ कार्ड सापडत नाही असे सांगतो. तेच कार्ड मित्राच्या जुन्या पीसीत उत्तम वाजते.

उत्तर : कार्ड दुसरीकडे वाजते, त्यामुळे बोर्डाकडेच पाहायचे. वरच्या उत्तरातली परीक्षा इथे लागू पडत नाही, कारण या चिपची रजिस्टरे परत वाचताच येत नाहीत. वाचता येतो तो फक्त स्थितिदर्शक आकडा. म्हणून खेळ तिला वेगळ्या रीतीने ओळखतात. तिच्यातला टायमर चालू करायचा, ८० मायक्रोसेकंदांहून थोडे अधिक थांबायचे, आणि टायमर भरल्याची खूण उमटली का हे पाहायचे. अर्थात चिपला क्लॉक मिळत नसेल तर टायमर सरकणार नाही आणि सर्व तारा बरोबर असूनही ती सापडणार नाही.

जीडब्ल्यू-बेसिकमध्ये हे हाताने करून पाहता येते. पोर्ट ९०४ (हेक्समधील ३८८) वर रजिस्टरचा क्रमांक आणि ९०५ वर आकडा द्यायचा असतो. रजिस्टर ४ मध्ये आधी ९६ आणि मग १२८ लिहा, आणि ९०४ वाचा; उत्तर ६ यायला हवे. मग रजिस्टर २ मध्ये २५५ आणि रजिस्टर ४ मध्ये ३३ लिहून पुन्हा वाचा. आता १९८ यावे. बेसिक इतके सावकाश चालते की मधे मुद्दाम थांबण्याची आवश्यकता नाही. दोन्ही वेळा २५५ आले तर कार्डापर्यंत पत्ताच पोचत नाही. दोन्ही वेळा ६ आले तर चिप ऐकते आहे, बोलते आहे, पण तिचे घड्याळ बंद आहे, आणि आपल्या बाबतीत हेच निघेल असा माझा अंदाज आहे.

कारण असे की या पद्धतीची कार्डे स्वतःचा क्रिस्टल बाळगत नाहीत. स्लॉटच्या बी-३० या पिनवर मूळ पीसीत १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा संकेत असतो; कार्ड त्याला चारने भागून ३.५८ मेगाहर्ट्झ करते आणि चिपला देते. मूळ यंत्रात प्रोसेसरचा ४.७७ मेगाहर्ट्झ वेगही त्याच क्रिस्टलपासून, तीनने भागून, निघत असे. घरी जोडलेल्या बोर्डावर मात्र प्रोसेसरला अधिक वेग हवा म्हणून वेगळा ऑसिलेटर घालतात आणि मग १४.३१८१८ चे काही कामच उरले नाही असे वाटून तो पिन रिकामा सोडतात. डिस्क, पडदा, कीबोर्ड सगळे चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. बी-३० वर लॉजिक प्रोब लावा. तिथे हालचाल नसेल तर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा चार पायांचा ऑसिलेटर घेऊन त्याचे आउटपुट त्या पिनला जोडा, आणि हे करताना कार्ड स्लॉटमधून काढून ठेवा, कारण शेजारच्या बी-२९ वर पाच व्होल्ट असतात आणि सोल्डरचा एक थेंब घसरायला वेळ लागत नाही.